शातो ओ-ब्रियों १९८९ : लाखाची वाइन, भरवसा बाटलीचा

रेड वाइन म्हणजे काळीभोर, जड, पहिल्याच घोटाला तोंडभर फळ असं ज्यांना हवं असतं, त्यांनी फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या शातो ओ-ब्रियों या द्राक्षमळ्याच्या १९८९च्या हंगामाच्या बाटलीच्या वाटेला जाऊ नये. पैसेही वाया जातील आणि वाइनही. हिचा सगळा जीव वासात आहे. नाशिकच्या चांगल्या शिराझची किंवा कॅबर्नेची सवय असलेला माणूस पहिला घोट घेऊन ‘एवढंच?’ असं विचारेल आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. त्या वाइन बहुतेक दोन-चार वर्षांत पिऊन टाकायला केलेल्या असतात, त्यातलं फळ ताजं असतं. इथे पस्तीस वर्षांत फळाचं दुसरंच काहीतरी होऊन बसलंय. त्या ‘दुसऱ्याच काहीतरी’साठी परदेशी बाजारात ७५० मिलीच्या एका बाटलीला रुपयांत लाखाच्या पुढे मोजावे लागतात. मत आधीच सांगून टाकतो: वाइन त्या किमतीला उतरते. मात्र हातात पडलेली बाटली उतरेलच याची खात्री कुणी देत नाही. म्हणून या परीक्षणाचा बराचसा भाग बाटली कशी निवडावी, सांभाळावी आणि उघडावी यावरच आहे.

नावाचं आधी. आपल्याकडे कुणी ‘हॉट ब्रायन’ म्हणतं, कुणी ‘हाउट ब्रियान’. फ्रेंचमध्ये सुरुवातीचा ह आणि शेवटचा त दोन्ही गिळतात, शेवट नाकातून येतो: ओ-ब्रियों. चुकल्याची लाज वाटायचं कारण नाही. सॅम्युअल पेप्स या लंडनकर अधिकाऱ्याने १० एप्रिल १६६३च्या रोजनिशीत हीच वाइन ‘हो ब्रायन’ अशी लिहून ठेवली आहे. तिची चव अगदी वेगळी, आजवर कुठे न भेटलेली, असंही त्याने नोंदवलंय. गावाच्या किंवा प्रांताच्या नावाने नव्हे, तर एका विशिष्ट मळ्याच्या नावाने वाइनची चव लिहून ठेवल्याची ही फार जुनी नोंद. त्याच्याही आधी, १६६०च्या सुमाराला, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या तळघराच्या हिशेबात ‘होब्रियोनो’च्या १६९ बाटल्या सापडतात.

मळा त्याहून जुना. १५२५मध्ये ज्याँ द पोंताकचं जॉन द बेलोंशी लग्न झालं, तिच्याकडून इथली जमीन आली. पुढे त्याने आजूबाजूचे तुकडे जोडत नेले आणि १५४९च्या सुमाराला वाडा बांधायला घेतला. लेबलावर दिसतो तो याच वाड्याचा चेहरा. खरी कामगिरी मात्र त्याच्या वंशातल्या आर्नो द पोंताकची. त्या काळी बोर्दोची वाइन पिंपातून इंग्लंडला जायची, वर्षभरात पिऊन संपायची आणि पुढचा हंगाम आला की उरलेली मातीमोल व्हायची. पोंताकांकडे पिंपं वरचेवर भरून ठेवणं, खालचा गाळ मागे ठेवून वाइन दुसऱ्या पिंपात काढणं असली कामं शिस्तीने सुरू झाली. वाइन टिकू लागली, आणि टिकते म्हटल्यावर तिला नाव देऊन जास्त भावाने विकता आली. १६६६च्या लंडनच्या आगीनंतर आर्नोच्या मुलाने त्या शहरात स्वतःची खाणावळच काढली, ‘पोंताक्स हेड’. शहरातले बडे लोक तिथे जेवायला जात. मळ्याच्या मालकाने परदेशी शहरात आपल्याच मालाचं दुकान थाटावं, तेही सतराव्या शतकात! आज ज्याला ब्रँड म्हणतात त्याचा धंदा हे लोक तेव्हाच करत होते.

पुढचं थोडक्यात. फ्रेंच राज्यक्रांतीत मालक जोसेफ द फ्युमेल याचा १७९४मध्ये गिलोटिनवर शिरच्छेद झाला. १८०१ ते १८०४ मळा मुत्सद्दी तालेराँकडे होता. बोर्दोच्या वाइनच्या १८५५च्या प्रसिद्ध वर्गवारीत लाफित, लातूर आणि मार्गो यांच्यासोबत ओ-ब्रियों पहिल्या वर्गात बसली. त्या यादीतल्या बाकीच्या सगळ्या रेड वाइन बोर्दो शहराच्या उत्तरेकडच्या मेदोक भागातल्या, ही एकटी बाहेरची, ग्राव्ह भागातली. १९३५मध्ये क्लॅरेन्स डिलन या अमेरिकन बँकरने मळा घेतला, आजही तो त्याच घराण्याकडे आहे. १९८३मध्ये रस्त्यापलीकडचा जुना प्रतिस्पर्धी ला मिसियों ओ-ब्रियोंही त्यांनीच विकत घेतला.

ग्राव्ह म्हणजे खडी. ओ-ब्रियोंची जमीन नावाप्रमाणेच आहे: लहान-मोठ्या गारगोट्यांचे दोन उंचवटे, खाली वाळू आणि चिकणमाती, दोन्ही बाजूंना ओढे. पावसाचं पाणी खडीतून झरझर खाली उतरतं, मुळांपाशी साचत नाही. उन्हाने तापलेली गारगोटी रात्रीही ऊब देते. खालच्या चिकणमातीत थोडी ओल धरून राहते, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात वेल जळत नाही. मर्लो या द्राक्षाच्या जातीला चिकणमाती मानवते. त्यामुळे मेदोकच्या बड्या मळ्यांत कॅबर्ने सोव्हिन्यों या जातीचं राज्य असतं, तर इथे लागवडीत मर्लो तिच्या जवळजवळ बरोबरीने आहे, सोबत थोडी कॅबर्ने फ्राँ. ही वाइन मेदोकच्या मानाने मऊ का लागते त्याचं निम्मं उत्तर इथेच मिळालं.

उरलेलं उत्तर शहरात आहे. बोर्दो वाढत वाढत मळ्याच्या पेसाक गावापर्यंत आलं आणि मळ्याला चहूबाजूंनी वेढून बसलं. भिंतीपलीकडे घरं, दुकानं, मोटारी, आत द्राक्षाच्या रांगा. शहराची ऊब लागते म्हणून इथलं फळ मेदोकपेक्षा आधी पिकतं आणि वसंतातल्या उशिराच्या दवाचा, म्हणजे तिकडच्या गोठून कोंब जाळणाऱ्या दवाचा, धोकाही कमी. १९८९चा उन्हाळा बोर्दोत फार तापलेला आणि कोरडा होता. तोडणी ऑगस्ट संपता संपताच सुरू झाली, शंभर वर्षांत क्वचित झाली असेल इतक्या लवकर. असल्या वर्षी घाई करणाऱ्यांची फसगत होते: साखर चढलेली असते, पण साल आणि बी कच्चीच, मग वाइन दारूसारखी तिखट आणि वर तुरट. ओ-ब्रियोंला लवकर पिकण्याची सवयच असल्याने साल आणि साखर दोन्ही जुळून आली. १९८९ला इतरत्रही चांगल्या वाइन झाल्या. पेसाकमध्ये मात्र ओ-ब्रियों आणि ला मिसियों या दोघींनी त्या वर्षी बाकी बोर्दोला मागे टाकलं, असं जाणकारांचं मत गेली तीन दशकं टिकून आहे.

वाइन करणारा माणूस होता ज्याँ-बर्नार देल्मास. जन्म याच मळ्यावरचा, वडील जॉर्जही इथलेच वाइनकार, पुढे मुलगा ज्याँ-फिलिपही. १९६१मध्ये देल्मासने आंबवण्यासाठी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणल्या, तेव्हा बोर्दोतल्या बड्या घराण्यांत हे कुणीच केलेलं नव्हतं. दुधाच्या डेअरीची भांडी वाड्यात आणली म्हणून लोक हसले असतील, पण १९८९सारख्या वर्षी त्याच टाक्या कामाला आल्या. उन्हात तापून आलेली द्राक्षं लाकडी पिंपात आंबवली की तापमान पस्तिशीच्या पुढे जातं, यीस्ट मरतं, साखर अर्धवट उरते आणि जिवाणूंचं फावतं. स्टीलच्या टाकीवरून गार पाणी सोडून तापमान तिशीच्या आसपास रोखता येतं. त्यानंतर वाइन २२५ लिटरच्या ओकच्या पिंपांत दीड ते दोन वर्षं मुरते.

आता ग्लासातली गोष्ट. नीट सांभाळलेली बाटली धरून बोलतो आहोत.

रंग मध्यभागी अजून दाट, डाळिंबाच्या दाण्यासारखा. कड विटकरी, अगदी काठावर चहाच्या रंगाची. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून बघा: कड नारिंगी असणं ठीक, पण मध्यही तपकिरी आणि मेणचट दिसत असेल तर बाटलीने उष्णता खाल्लेली आहे.

पहिली पाच मिनिटं वास बंद असतो, थोडा कोंदट, बंद पेटीसारखा. घाबरू नका. मग पहिल्यांदा येतो तो धूर. होळीचा नाही, विझत आलेल्या चुलीचा. त्यामागून तंबाखू: ओली नव्हे, चंचीत राहून वाळलेली, गोडसर. शिसपेन्सिल तासल्यावर शार्पनरमधून निघणाऱ्या सालीचा वास इथे सतत आहे. अर्ध्या तासाने तापलेल्या विटेवर पाणी शिंपडल्यासारखा वास वर येतो. ओ-ब्रियोंची खूण कुठली असं विचारलं तर आम्ही हाच सांगू. फळ संपलेलं नाही: काळा मनुका, सुकं आलुबुखार, कुठेतरी जांभळाची आठवण. तासाभरानंतर ओली माती, अळंबी, जुनं चामडं. एकाच ग्लासात हे सगळं एकदम मिळत नाही, पाळीपाळीने येतं, म्हणून घाईने पिणाऱ्याला यातलं निम्मंच हाती लागतं.

तोंडात वजन मध्यम. टॅनिन, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणारं तुरट द्रव्य, अजून आहे, पण तो कडक चहाचा किंवा कच्च्या जांभळाचा घशाला ओढणारा तुरटपणा राहिलेला नाही, मलमलीसारखा जिभेवरून फिरतो. वर्षानुवर्षं टॅनिनचे आणि रंगद्रव्याचे कण एकमेकांना चिकटत जड होतात आणि तळाला बसतात. बाटलीत दिसणारा गाळ हाच, आणि वाइन मऊ होते ती यामुळेच. आंबटपणा मेदोकच्या मानाने कमी, कारण वर्ष गरम. हाच तिचा दोष म्हणायचा तर म्हणा: थोडी जास्त गरम प्यायली की ती सैल, जॅमसारखी वाटू लागते. गिळल्यानंतर चव बराच वेळ रेंगाळते, मिनिटभर तरी, आणि शेवटी उरतो तो पुन्हा तंबाखू आणि धूर.

तुलना करायची तर १९९० अधिक नाजूक, लवकर खुलणारी. १९८६ कडक, तिला मऊ व्हायला फारच वेळ लागला. १९९८ आम्हाला १९८९च्या सगळ्यात जवळची वाटते आणि किंमत बरीच खाली, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्याने तिच्याकडेच बघावं. २००४ किंवा २००८ घेतल्यास त्याहून स्वस्तात घराण्याचा तोच धूर-तंबाखूचा स्वभाव कळतो, खोली कमी. २००९ आणि २०१०ची गाजलेली वर्षं अल्कोहोलने १४ टक्क्यांच्या पुढची, भरभक्कम. ती आज उघडणं म्हणजे कैऱ्या पाडून खाणं. आणि मळ्याची दुसरी वाइन विसरू नका. २००६पर्यंत ती बाहान्स ओ-ब्रियों नावाने यायची, २००७पासून ल क्लॅरेन्स द ओ-ब्रियों. कोवळ्या वेलींची आणि मुख्य मिश्रणात न बसलेल्या टाक्यांची ही वाइन दहा-बारा वर्षांत पिण्याजोगी होते.

खरेदी. जुनी बाटली घेताना आधी बघायची ती वाइनची पातळी. बाटली उभी धरल्यावर वाइन मानेत किंवा मानेच्या बुडाशी असेल तर पस्तीस वर्षांच्या बाटलीसाठी उत्तम. खांद्याच्या वरच्या कडेला असेल तर चालेल, पण भाव कमी हवा. खांद्याच्या मध्यावर किंवा खाली गेलेली बाटली फुकट मिळाली तरच घ्यावी, कारण जितकी वाइन गेली तितकी हवा आत आली. इथे एक अडचण आहे. १९५८च्या हंगामापासून ओ-ब्रियोंची बाटली नेहमीच्या बोर्दो बाटलीसारखी नाही, जुन्या धाटणीची, उतरत्या खांद्यांची आहे. त्यामुळे ‘खांद्याची वरची कड’ नेमकी कुठे हे विकणारा आपल्या सोयीने ठरवू शकतो. वर्णनावर विसंबू नका. मागून दिवा लावून काढलेला फोटो मागा आणि बुचाच्या खालच्या टोकापासून वाइनपर्यंत किती सेंटिमीटर अंतर आहे ते लेखी विचारा.

वरची टोपी बोटाने हलकेच फिरते का हेही विचारा. कडेला लालसर डाग, चिकट ओघळ किंवा टोपी चिकटून बसलेली असेल तर बुचातून वाइन झिरपली आहे, म्हणजे कधीतरी बाटली तापली. लेबल मळकं, बुरशीचा ठिपका असलेलं असेल तर तो दोष मानू नका. दमट तळघरात वर्षं काढल्याची ती खूण आहे. उलट पस्तीस वर्षांचं लेबल कोरं करकरीत आणि पातळी खांद्यावर, हा जोडा संशयाचा. लिलावात बोलीच्या वर लिलाव करणाऱ्या संस्थेचं कमिशन बसतं, ते आधी मोजा. ब्रिटनमध्ये गोदामातली ‘बाँडमधली’ किंमत दिसते त्यात तिथलं शुल्क आणि २० टक्के व्हॅट नसतो, बाटली बाहेर काढायची तर ते वर. शक्यतो एकाच मालकाकडे, एकाच तळघरात, मूळ लाकडी पेटीत राहिलेली बाटली शोधा. चार हात फिरून आलेल्या बाटलीने किती मे महिने कुठल्या गोदामात काढले ते कुणाला ठाऊक? नकली बाटल्यांचा बाजारही या भावात असतोच. बुचावर मळ्याचं नाव आणि साल छापलेलं असतं, पण ते उघडल्यावर दिसतं. म्हणून विकणाऱ्याचं नाव आणि खरेदीचे जुने कागद हाच भरवसा.

भारतात आणायची असेल तर आणखी एक हिशेब. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत दारू आणता येते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ती मुभा सामानाच्या एकूण शुल्कमुक्त रकमेच्या आतली आहे. लाखाची बाटली ती रक्कम एकटीच ओलांडते, म्हणजे वरच्या किमतीवर शुल्क लागणारच. बिल जवळ ठेवा आणि सरळ कस्टमच्या लाल मार्गिकेतून जा. बाटली चेक-इन सामानात, फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर दोन जाड कपड्यांचे वेढे आणि बॅगेच्या मधोमध. दुपारी विमानतळावरून निघालेल्या गाडीच्या डिकीत ती ठेवू नका, पाय ठेवायच्या जागी एसीच्या झोतात ठेवा. मे महिन्यात बंद डिकीत दोन तास गेले तर तळघरातल्या तीस वर्षांवर पाणी पडतं: वाइन फुगते, बूच वर सरकतं, चव शिजवलेल्या मनुकेची होते.

घरी आल्यावर किमान तीन-चार आठवडे विश्रांती. प्रवासात तळाचा बारीक गाळ सगळीकडे पसरतो आणि तो कडवट लागतो. साधा फ्रिज दीर्घ मुक्कामाला नको, आत फार कोरडं असतं, बूच आकसतं. कॉम्प्रेसरचा थरथराटही सततचा. वाइनचं वेगळं कपाट १२-१४ अंशांवर, बाटली आडवी, आर्द्रता ६०-७० टक्के. पुण्या-नागपुरात उन्हाळ्यात वीज दिवसभर गेली तर कपाट उघडून बघायचा मोह आवरा, बंद कपाट काही तास तग धरतं. असं कपाट नसेल तर आमचा स्पष्ट सल्ला: बाटली भारतात आणूच नका, तिकडच्याच गोदामात भाड्याने ठेवा आणि तिकडेच प्या.

उघडण्याआधी बाटली दोन दिवस उभी करून ठेवा, आठवडाभर ठेवली तर आणखी बरं. गाळ तळाला बसू द्या. उघडायच्या वेळी १६ अंश, पिताना १७-१८च्या वर जाऊ देऊ नका. आपल्याकडच्या ३० अंशांच्या खोलीत ग्लासातली वाइन दहा मिनिटांत तापते. म्हणून ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला’ हा नियम विसरा, तो दगडी भिंतींच्या युरोपीय खोल्यांचा आहे.

बुचाकडे लक्ष. ते लांब असतं, पाच सेंटिमीटरच्या पुढे, आणि पस्तीस वर्षांत खालून भिजून लापशीसारखं झालेलं. साधा वेटरचा स्क्रू मधोमध घुसवून ओढलात तर निम्मं हातात आणि निम्मं आत. दोन पात्यांचं उचकणं वापरा: लांब पातं आधी, काच आणि बूच यांच्या फटीत, मग दुसरं, आलटून पालटून डोलवत खाली न्या, मग पिळत सावकाश वर. पाती घुसवताना बूच आत ढकललं जाऊ शकतं, म्हणून अनुभवी लोक आधी मधून लांब स्क्रू बसवतात आणि दोन पाती त्याच्या दोन्ही बाजूंनी घालतात. दोन्ही जोडलेलं अवजार तयारही मिळतं. बूच तरीही तुटलं तर धक्के देऊ नका. उरलेला तुकडा आत पडू द्या आणि वाइन बारीक स्टीलच्या गाळणीतून काढा. कॉफीचा कागद वापरू नका, कागदाचा वास लागतो. टोपी कापल्यावर बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसायला विसरू नका, तिथे काळी बुरशी असते.

मग डिकँटरमध्ये, म्हणजे वाइन ओतून ठेवायच्या काचेच्या सुरईत. मानेखाली मोबाइलचा दिवा किंवा मेणबत्ती, बाटली एकाच हाताने, एकाच धारेत, मध्ये न थांबता आणि उलटी न आणता. मान सुरू होते तिथे काळी रेघ सरकत आली की थांबा. तळाशी ४०-५० मिली राहते, ती राहू द्या. वाट्टेल तेवढी हवा द्यायची गरज नाही: १९८९ अजून धट्टीकट्टी आहे, तासभर पुरे. १९६१ किंवा त्याआधीची बाटली मात्र काढली की लगेच ओतावी, दोन तासांत ती मावळते. डिकँटर आणि ग्लास साबणाने धुऊन वास राहिलेले नकोत, नुसत्या गरम पाण्याने धुऊन उलटे वाळवा; कपाटाच्या लाकडाचा वास लागला असेल तर तोही पहिल्या घोटात सापडतो. ९० मिलीचा पेग धरला तर सात जणांना पुरते. आठवा पाहुणा आला तर त्याला दुसरं काहीतरी द्या.

खराब बाटली ओळखायची कशी? ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरातल्या भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास, आणि तो अर्ध्या तासाने वाढत जातो: बुचाचा डाग. उपाय नाही. व्हिनेगर आणि शिजलेली मनुका: उष्णता, तीही गेली. गोठ्याचा, घोड्याच्या खोगिराचा वास थोडासा असणं या काळातल्या बोर्दोत नवल नाही, ते एका जंगली यीस्टचं काम. थोडा चालतो, जास्त झाला की त्याखाली धूर-तंबाखू दिसेनासा होतो. पहिल्या पाच मिनिटांतला कोंदटपणा आणि बुचाचा डाग यांची गल्लत मात्र लोक नेहमी करतात आणि चांगली बाटली मोरीत जाते. वीस मिनिटं थांबा. कोंदटपणा उडून जातो, डाग जात नाही.

जेवण साधं ठेवा. मिरची आणि गरम मसाला या वाइनचा वैरी, तिखटाने अल्कोहोल जाळल्यासारखा लागतो आणि वासाला जागाच उरत नाही. कोल्हापूरकडे मसाला घालण्याआधी हळद, आलं-लसूण आणि मिठावर शिजवलेलं अळणी मटण असतं, तेच इथे बसतं. रस्सा नको, मांस थोडं तुपावर परतून घ्या. अळंबी लोण्यात परतलेली, वर मिरीही बेताने. चीज हवं तर कोंते किंवा जुनं चेडार. निळ्या बुरशीचं चीज घेऊ नका, वाइन धातूसारखी लागते. चॉकलेटसोबत ती देणाऱ्याने पुन्हा ती वाइन विकत न घ्यायची शपथ घ्यावी.

मळा बघायचा असेल तर बोर्दो शहरातून बी क्रमांकाच्या ट्रामने पेसाकच्या दिशेने जा. बाहेरून काही भव्य दिसणार नाही, रस्ता, कुंपण आणि वेली. भेटी आधी वेळ ठरवूनच असतात, त्यामुळे महिनाभर आधी लिहा आणि भेटी चालू आहेत का तेही विचारून घ्या, नाहीतर कुंपणाचा फोटो काढून परत यावं लागतं. तिथे चवीला मिळते ती अलीकडच्या एखाद्या हंगामाची वाइन, तरुण आणि कडक. पॅरिसला असाल तर शाँझेलिझेजवळ याच घराण्याचं ल क्लॅरेन्स रेस्टॉरंट आहे, वाइनचं दुकानही त्याच इमारतीत. जुन्या वर्षाची बाटली घ्यायचा विचार असेल तर तिथे पातळी डोळ्यांनी बघता येते, दिवा मागायची लाज बाळगू नका.